कांद्याचं शिकं

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात माझे पाच किलो कांदे सडले. एप्रिलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि आळशीपणाने बाजारच्या प्लास्टिकच्या पिशवीतच राहू दिले. एक दिवस स्वयंपाकघरात शिरले तर असा वास की विचारू नका! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी शिकं असायचं."

शिकं म्हणजे शिंकाळं. आपल्या झाडीपट्टीत पूर्वी आढ्याला दोन-तीन तरी टांगलेली असत. दह्याचं गाडगं एकात, कांदे-लसूण दुसऱ्यात. मांजर, उंदीर, मुंग्या सगळ्यांपासून सुटका, आणि चारी बाजूंनी वारा. दोर घरचाच, अंबाडीचा. अंबाडीची भाजी आपण खातो, पण तिच्या काड्या दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवून वाक सोलायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मांडीवर वळायचा, हे आता कोण करतं? कुजत्या अंबाडीचा वास तर माझ्या कांद्यांपेक्षा भयंकर!

चंद्रपूर-गडचिरोलीकडे तळ्या-बोड्यांच्या काठी राहणाऱ्या ढिवर समाजात जाळं विणायची कला पिढीजात. नायलॉनची तयार जाळी आली आणि हातविणीचं काम कमी झालं. आठवडी बाजारात मला अशीच एक आजी भेटली. पुढ्यात सुताच्या जाळीदार पिशव्या. किंमत ऐकून मी सवयीने म्हटलं, "आजी, एवढ्या जाळीचे ऐंशी रुपये? पन्नासला द्या."

आजी हसल्या. "दोन दिस लागते जी बाई. घेऊ नका, पण विणून पाहा."

मला तो टोला लागला. घरी येऊन खरंच विणायला बसले.

तुम्हीही करून पाहा. सुताची जाड दोरी घ्या, बारा तुकडे करा. प्रत्येक तुकडा पिशवीच्या उंचीच्या सहापट लांब हवा, कारण तो मधोमध दुमडायचा आणि गाठी पुष्कळ दोरी खातात. (मी चौपट घेतली, पिशवी अर्धीच झाली!) दुमडलेली दोरी जुन्या बांगडीत अडकवा. हा झाला तळ. आता शेजारच्या दोन-दोन पदरांची गाठ मारत गोल फिरा. पुढच्या ओळीत एका गाठीतला एक पदर आणि शेजारच्या गाठीतला एक, अशी जोडी घ्या. दोन गाठींत दोन बोटांचं अंतर. लसूण ठेवायचा तर एकच बोट. तोंडाशी बांबूच्या कामटीचं कडं बांधा.

एक सांगते, बटाटे उजेडात टांगू नका, हिरवे पडतात आणि ते खाऊ नयेत. त्यांची पिशवी अंधाऱ्या कोपऱ्यात, कांद्यापासून लांब. पालेभाजीलाही हे शिकं कामाचं नाही. आपल्याकडचा उन्हाळा, ती तासाभरात माना टाकते.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आपण सगळ्याजणी कापडी पिशव्या घेऊन बाजारात निघालो. घरातल्या साठवणीचा मात्र विचार केला नाही. आणि हातची वस्तू घेताना घासाघीस करायची खोड? मॉलमध्ये करतो का आपण?

मला चार संध्याकाळी लागल्या. बोटांना चरे पडले. पुढच्या बाजाराला माझी पिशवी घेऊन आजींकडे गेले आणि आधी त्यांच्या दोन पिशव्यांचे पुरे एकशे साठ रुपये हातावर ठेवले. त्यांनी माझी पिशवी उलटसुलट केली, एक गाठ अंगठ्याने सरकवून दाखवली.

"कांदे पडतील जी. बसा इकडे."

भर बाजारात त्यांनी माझ्या तीन ओळी उसवल्या. मी पोत्यावर बसून पुन्हा विणायला घेतल्या.