वाघाची आई

अश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळीं आपल्या घराघरांत वसुबारस साजरी होते. सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालून तिची पूजा करितात, त्या दिवशीं गाईचें दूधतूप वर्ज्य करितात आणि आपल्या लेकराबाळांस सुखी ठेव असें मागणें मागतात. जेथें गाय दृष्टीसही पडत नाहीं, तेथें मातीच्या किंवा चांदीच्या गाय-वासरावर काम भागवितात. परंतु याच द्वादशीस पालघर आणि ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांच्या पाड्यांवर जी पूजा होते ती गाईची नव्हे, वाघाची, हें आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल? या दिवसाला ते वाघबारस म्हणतात.

एकाच तिथीस आपण गाईस हात जोडावे आणि रानांतल्या आपल्या शेजाऱ्यांनीं तिच्या वैऱ्यास, हें आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटलें. परंतु या पूजेमागची कथा ऐकिल्यावर, दोन्ही पूजांच्या मुळाशीं एक आईच उभी आहे असें आमच्या ध्यानांत आलें.

कथेचे तपशील पाड्यापाड्यागणिक बदलतात. तिचा एक सांगाडा असा. एका स्त्रीस लग्नावांचून दिवस गेले. लोकनिंदा सोसून तिनें मुलास जन्म दिला. मुलगा दिसावयास चारचौघांसारखा. पण मनांत आलें कीं तो वाघाचें रूप घेई आणि गांवचीं गुरें मारी. गांव खवळला. तेव्हां आई मध्यें पडली आणि तिनें दोन्ही पक्षांस करार घालून दिला. मुलानें गांव सोडून रानांत राहावें; गांवानें त्यास देव मानून जागा द्यावी आणि वर्षांतून एकदां त्याचा मान त्यास पोंचवावा; त्याबदल्यांत त्यानें माणसांचें आणि गुरांचें रक्षण करावें. हाच वारल्यांचा वाघोबा. लांकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, त्याच्यासोबत सूर्य-चंद्र आणि अंगाला शेंदूर, अशा रूपांत तो रानाच्या वाटांवर भेटतो. वाघबारसेस त्याला नारळ, कोंबडें किंवा बकरें देतात.

रूप पालटणाऱ्या हिंस्र प्राण्याच्या कथा पृथ्वीवर पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक कथांत शेवटीं कोणी वीर शस्त्र उचलतो. येथें शस्त्र उचलावयास सारा गांव तयार असतां एका स्त्रीनें तें खालीं ठेवविलें. तिनें लेकरास पदराखालीं लपविलें नाहीं, ‘माझा मुलगा असें करणारच नाहीं’ असेंही म्हटलें नाहीं. त्याचीं दोन्ही रूपें तिला ठाऊक होतीं, म्हणूनच गांवाशीं आणि त्याच्याशीं ती सारख्याच निर्भयपणें बोलूं शकली. पोटच्या पोराचा अपराध उघड्या डोळ्यांनीं पाहणें आणि तरीही त्याला न टाकणें किती कठिण असतें, हें चार पिढ्यांच्या घरांत वावरलेल्या आमच्या भगिनींस आम्हीं सांगावयास नको.

ही कल्पना आपणांसही परकी नाहीं. पद्मपुराणांतील प्रभंजन राजानें पाडसास पाजीत असलेल्या हरिणीवर बाण सोडला आणि तिच्या शापानें तो वाघ झाला. पुढें नंदा नांवाची गाय त्याच्या तावडींत सांपडली. वासरास पाजून परत येतें, असें वचन देऊन ती गेली आणि खरोखरच परत आली. मातेच्या शापानें वाघ झालेला राजा दुसऱ्या मातेच्या सत्यानें मुक्त झाला. तिकडे पूर्वेस नागा लोकांच्या एका कथेंत वाघ, भूत आणि माणूस हे तिघे एकाच आईचे पुत्र आहेत. घरीं कोणीं राहावें याची शर्यत लागली, तेव्हां आईनें माणसास युक्ति सांगितली. तो जिंकला आणि वाघ रानांत गेला. वारल्यांच्या कथेंतील आई मात्र गेलेल्या मुलाच्या वाट्याचीही व्यवस्था लावते.

हा करार नुसत्या कथेंत राहिलेला नाहीं. त्या भागांत आज पट्टेदार वाघ नाहीं, बिबट्या आहे. लोक त्यालाही वाघच म्हणतात. मुंबई, ठाणें आणि पालघर या भागांतील दीडशेंहून अधिक वाघोबांची नोंद करणारा अभ्यासकांचा एक लेख २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पूजेनें भय संपतें असें नव्हे. पहांटे एकट्यानें बाहेर पडणाऱ्याच्या छातींत धडकी भरतेच. परंतु वाघ येथें राहणारच, आणि त्याच्याशीं वागण्याच्या कांहीं मर्यादा आपल्यावरही आहेत, ही समजूत पूजेनें टिकते.

ती समजूत सोडल्यास काय होतें, याचें उदाहरण जुन्नर भागांत पाहावयास मिळालें. या शतकाच्या आरंभीं तेथील पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें कीं, जेथें ते सोडले त्या रानांच्या आसपास माणसांवरील हल्ले उलट वाढले. नुसतें नजरेआड केल्यानें वाघाचा प्रश्न मिटत नाहीं. त्याला त्याची जागा द्यावी लागते. शास्त्रज्ञांनीं जें मोजून सिद्ध केलें, त्याची खूण त्या निनांवी आईच्या करारांत आधींपासून होती.

येत्या वसुबारसेस गाईची कहाणी सांगून झाली कीं मुलांना घटकाभर थांबवावें आणि वाघाच्या आईचीही सांगावी, एवढेंच आमचें मागणें आहे.