ट्रान्समेटा : परवान्यांवर जगलेली चिप कंपनी

२४ ऑक्टोबर २००७ रोजी इंटेलने ट्रान्समेटा या लहानशा कंपनीला २५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. १५ कोटी लगेच, आणि उरलेले पाच वर्षांत दरसाल दोन कोटी. इंटेलच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळच होती. पण २००० ते २००४ या पाच वर्षांत ट्रान्समेटाला मिळालेल्या सगळ्या महसुलाहून ती मोठी होती. शिवाय हे पैसे कुठल्या मालाचे नव्हते, पेटंटचे होते. स्वतःचे प्रोसेसर बनवून विकण्याच्या धंद्यातून कंपनीने तोवर अंग काढून घेतलं होतं.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे १९९५ मध्ये कंपनी सुरू झाली. सन मायक्रोसिस्टिम्समधून आलेले डेव्हिड डिट्झेल हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख. पहिली जवळजवळ पाच वर्षं आत काय शिजतंय याचा बाहेर पत्ता नव्हता. लिनक्सचा जनक लायनस टोरवाल्ड्स १९९७ मध्ये इथे नोकरीला लागला, तेव्हा कुतूहल आणखी वाढलं. अखेर १९ जानेवारी २००० रोजी ‘क्रूसो’ हा प्रोसेसर जगापुढे आला.

लॅपटॉप तेव्हा तापत आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. पीसीवरचे प्रोग्रॅम ज्या एक्स-८६ आज्ञांमध्ये लिहिलेले असतात त्या गुंतागुंतीच्या आहेत. त्या उलगडून क्रमाने लावण्यासाठी इंटेलच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरांची फौजच राबते आणि वीज खाते. ट्रान्समेटाने हे काम सॉफ्टवेअरकडे सोपवलं. ‘कोड मॉर्फिंग’ हे सॉफ्टवेअर एक्स-८६ आज्ञांचं क्रूसोच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये रूपांतर करी आणि पुन्हा पुन्हा लागणारा भाग तयार स्थितीत साठवून ठेवी. त्यामुळे चिप आतून साधी राहिली. तिच्या १२८ बिटांच्या एका शब्दात चारपर्यंत आज्ञा बसत. जोडीला ‘लाँगरन’ होतं. कामाचा भार पाहून ते प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही सतत कमी-जास्त करी. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नुसता वेग कमी करण्यापेक्षा यात बचत कितीतरी जास्त.

अडचण रूपांतराच्या वेळेची होती. तेच ते काम वारंवार करणाऱ्या प्रोग्रॅमला ही पद्धत मानवे. नवा प्रोग्रॅम उघडताना मात्र यंत्र अडखळे. लॅपटॉप घेणाऱ्याला जाणवतं ते हे अडखळणंच. कमी विजेवर चालण्याचा क्रूसोचा गुण खोटा नव्हता. अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत २००२ मध्ये २४० क्रूसो प्रोसेसर जोडून ‘ग्रीन डेस्टिनी’ हा संगणक उभा केला, तो सगळा मिळून सुमारे ३.२ किलोवॉटवर चाले. पण कंपनी विकत होती लॅपटॉपची चिप, आणि तिथलं गिऱ्हाईक वेग पाहून पैसे मोजत होतं.

नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने २१ डॉलरने शेअर विकून २७.३ कोटी डॉलर उभे केले. पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या पुढे गेला. त्याच्या काही दिवस आधी आयबीएमने आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये क्रूसो वापरण्याचा बेत सोडून दिला होता, पण बाजाराने तिकडे काणाडोळा केला. सोनी, फुजित्सू अशा जपानी कंपन्यांनी आपल्या छोट्या लॅपटॉपमध्ये क्रूसो घेतला. अमेरिकेत दारं किलकिलीच राहिली. कंपनीचा स्वतःचा कारखाना नव्हता. २००१ मध्ये उत्पादन आयबीएमकडून तैवानच्या टीएसएमसीकडे गेलं आणि नव्या चिपचा पुरवठा रखडला. मार्च २००३ मध्ये इंटेलने कमी विजेवर चालणारा आणि वेगवानही असा पेंटियम एम आणला. ज्या एका गुणावर ट्रान्समेटा उभी होती, तोच आता तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे होता. त्याच वर्षी आलेली ‘एफिशियन’ ही सुधारित चिप चांगली होती, पण गिऱ्हाईक परतलं नाही. २००४ साली महसूल तीन कोटी डॉलरच्या आत आणि तोटा दहा कोटींच्या वर होता.

अशा वेळी तिजोरीत विकण्याजोगी एकच गोष्ट उरली होती : लाँगरनचा दुसरा अवतार, ‘लाँगरन२’. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तसा, चिप निवांत असतानाही त्यांतून विद्युतप्रवाह झिरपू लागला. ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो तो उंबरठाच गरजेप्रमाणे वरखाली करून ही गळती आवरायची, हे लाँगरन२चं काम. हा प्रश्न एकट्या ट्रान्समेटाचा नव्हता, सगळ्याच चिप कंपन्यांना तो छळत होता. म्हणून परवाने खपले. मार्च २००४ मध्ये एनईसी इलेक्ट्रॉनिक्स, डिसेंबरमध्ये फुजित्सू, जानेवारी २००५ मध्ये सोनी, नंतर तोशिबा. २००५ मध्ये कंपनीने प्रोसेसरचा धंदा आवरता घेतला आणि सुमारे शंभर अभियंते सोनीच्या कामाला लावले. क्रूसोचा धंदा हाँगकाँगच्या एका समूहाला दीड कोटी डॉलरला विकायचं ठरलं होतं, पण अमेरिकी निर्यात परवान्यापायी तो सौदा बारगळला.

परवान्याच्या पैशाने तोटा झटकन घटतो, आणि भुलवण्याची ताकद त्यातच आहे. आर्म ही कंपनी परवान्यांवरच मोठी झाली, पण तिचा आराखडा वापरून विकल्या जाणाऱ्या चिपमागे तिला रॉयल्टी मिळते आणि त्या पैशातून ती पुढचा आराखडा काढते. ट्रान्समेटाच्या करारांमध्ये खरा आकडा एकरकमी फीचा होता. ती देणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ज्याने एकदा दिली तो पुन्हा दारात येत नाही. नवं तंत्र निघायचं तर चिप बनवत राहायला हवं, आणि तेच तर बंद केलं होतं. हे पेरणीचं बियाणं दळून खाण्यासारखं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये दुसऱ्यांसाठी अभियांत्रिकी करून देण्याचं कामही कंपनीने सोडलं.

मग उरली कोर्टाची वाट. ऑक्टोबर २००६ मध्ये ट्रान्समेटाने आपली दहा पेटंटं डावलल्याचा दावा इंटेलवर लावला. वर्षभरात तडजोड झाली आणि सुरुवातीला सांगितलेले २५ कोटी ठरले. इंटेलला त्या बदल्यात ट्रान्समेटाच्या सगळ्या पेटंटांचा परवाना मिळाला. दरम्यान एएमडीने ७५ लाख डॉलर गुंतवले. ऑगस्ट २००८ मध्ये एनव्हिडियाने अडीच कोटी डॉलर एकरकमी मोजून लाँगरनचा परवाना घेतला. पुढच्याच महिन्यात ट्रान्समेटाने स्वतःलाच विक्रीला काढलं. जानेवारी २००९ मध्ये नोव्हाफोरा या कंपनीने ती २५.५६ कोटी डॉलरला घेतली, पेटंटं इंटलेक्च्युअल व्हेंचर्स या पेटंट विकत घेणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि त्याच वर्षी नोव्हाफोराही बंद पडली.

कल्पना मात्र फुकट गेली नाही. आज्ञांचं सॉफ्टवेअरने रूपांतर करून जलद चालवायची रीत २०१४ मध्ये एनव्हिडियाच्या ‘डेन्व्हर’ प्रोसेसरमध्ये पुन्हा दिसली. सुरुवातीला २१ डॉलर मोजून थांबलेल्या शेअरधारकाला त्याचा काही उपयोग नव्हता. २००७ मध्ये वीस जुन्या शेअरांचा एक नवा शेअर झाला, म्हणजे एका नव्या शेअरमागे त्याचे ४२० डॉलर गुंतले होते. नोव्हाफोराच्या सौद्यात त्याला फार तर १९ मिळाले.