रांगेत उभं राहण्याची वर्गणी

बँका आणि विमानतळावरची लाउंज यांच्यातली मध्यस्थ कंपनी ड्रीमफोक्सने सप्टेंबर 2025 मध्ये देशांतर्गत लाउंज सेवा गुंडाळली आणि 'कार्ड पुढे केलं की दार उघडतं' हा समज एकदाचा मोडला. तो डळमळत होताच. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल 2024 मध्ये आपल्या अनेक क्रेडिट कार्डांवरच्या मोफत लाउंज-प्रवेशाला आधीच्या तिमाहीत 35 हजारांच्या खर्चाची अट घातली आणि नोव्हेंबरात ती 75 हजारांवर नेली. दोन रुपयांत इडली-उपमा आणि वर कॉफी हे दिवस सरत आले, तेव्हा नेहमी उडणाऱ्या मंडळींत नवी चर्चा सुरू झाली आहे. पैसे भरून स्वतःचंच वार्षिक सदस्यत्व घेऊन टाकावं का?

ते दोन रुपये कार्ड चालू आहे ना, एवढं तपासण्यापुरते होते. खरं बिल लाउंजवाला मध्यस्थ कंपनीला लावायचा आणि ते पुढे बँकेपर्यंत जायचं, तेही डोईमागे. म्हणजे जितके जास्त पाहुणे तितका लाउंजवाल्याचा गल्ला, आणि जितके कमी तितका बँकेचा फायदा. बहुतेक कार्डधारक फिरकणारच नाहीत, या भरवशावर बसवलेला हा हिशेब होता. जिमची वार्षिक वर्गणी अशाच भरवशावर चालते. फरक एवढाच की इथे सगळे आले, मुलाबाळांसकट आले.

आता सदस्यत्वाकडे वळू. या धंद्यातलं सर्वांत परिचित नाव प्रायॉरिटी पास, 1992 पासूनचं. त्याचे डॉलरमधले तीन प्रकार अनेकांना पाठ असतील: 99 डॉलर भरा आणि दर भेटीला 35 डॉलर मोजा; 329 भरा आणि दहा भेटी मोफत मिळवा; किंवा 469 भरा आणि वर्षभर हवं तितक्या वेळा जा. बेरीज-वजाबाकी केली तर पहिला प्रकार सहा भेटींपर्यंतच परवडतो. सातव्या भेटीला दुसरा स्वस्त पडतो आणि चौदाच्या पुढे तिसरा. पण पहिल्या प्रकारात वर्षाला चारच भेटी झाल्या तर एकेक भेट साठ डॉलरच्या घरात जाते, म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. आपल्याकडच्या बहुतेक देशांतर्गत लाउंजमध्ये दारात पैसे भरून आत गेलात तर साधारण हजार-दोन हजारांत काम होतं. मुंबई-दिल्ली-मुंबई करणाऱ्याने हे डॉलरचं सदस्यत्व घेण्यात मला तरी काही तर्क दिसत नाही.

माहितीपत्रकातली 'बचत' मोजताना आणखी एक चलाखी होते. तुलना लाउंजच्या दाराशी लावलेल्या दराशी केली जाते. तुम्ही एरवी काय खर्च केला असता, ते धरलं जात नाही. पुण्याहून पहाटेच्या विमानाला निघालेला माणूस बाहेर चहा आणि फार तर सँडविच घेतो. त्याची बचत तेवढीच. कोलकात्यात डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत चहा दहा रुपयांना आणि सामोसा वीस रुपयांना ठेवला गेला. असं काउंटर जिथे जिथे येईल तिथे तर लाउंजचं गणित आणखी लंगडं होईल. शिवाय अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय विमान कंपनीनेच करायची, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. तो काउंटरवर ठणकावून सांगावा लागतो, हे खरं.

आणि गर्दी? सदस्यत्वाच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जागा असेल तरच प्रवेश. शिवाय आत दोन-तीन तासांची मर्यादा. म्हणजे सकाळी सहा ते नऊ, जेव्हा सगळ्यांनाच तो सोफा हवा असतो, नेमकं तेव्हा तुमचं कार्ड तुम्हाला रांगेत उभं करतं. हे काही आपल्याकडचंच दुखणं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अ‍ॅडमिरल्स क्लब उघडला तेव्हा तिथे निवडक पाहुण्यांनाच बोलावणं असे. आज त्याच देशात डेल्टा एअरलाइन्सला लाउंज ओसंडून वाहतात म्हणून अमेक्स प्लॅटिनम कार्डवाल्यांना फेब्रुवारी 2025 पासून वर्षाला दहा भेटींची मर्यादा घालावी लागली.

मग घ्यावं कोणी? महिन्यातून दोनदा परदेशी जाणाऱ्या, मधे दोहा किंवा फ्रँकफर्टला चार-पाच तास अडकणाऱ्या सल्लागाराने, आणि तेही कंपनी पैसे देत नसेल तर. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आई-बाबांना लाउंज खरोखर हवं असतं: पाय पसरायला, औषधाच्या वेळेला गरम काहीतरी खायला, जवळच्या स्वच्छतागृहाला. पण त्यांचा प्रवास वर्षातून एकदाच. त्यांच्यासाठी ज्या विमानतळावर थांबा लांब आहे, तिथल्या लाउंजची एकेका भेटीची आगाऊ नोंदणी करावी. करताना दोन गोष्टी बघाव्यात: ते लाउंज त्यांच्याच टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला आहे का, आणि विमानाची वेळ बदलली तर पैसे परत मिळतात का.