खिशाला परवडणारी फिल्म

खरा खर्च कॅमेऱ्याचा नाही, रोलचा. कॅमेरा एकदाच घ्यायचा. रोल, धुलाई, स्कॅन दर वेळी. ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो काढणारे हाफ-फ्रेम कॅमेरे म्हणूनच काटकसरीला बरे. ऑलिम्पसचा ‘पेन’ १९५९चा, पण अजून वापरात आहे. आग्फा क्लिक दिसतो गोड. मात्र त्याच्या १२० रोलवर जेमतेम १२ फोटो.

मुंबईच्या चोरबाजारात जुना कॅमेरा घेताना भिंगातून टॉर्च मारून बुरशी पाहा. आपल्या दमट हवेत ती हमखास सापडते. लाइट मीटर बंद असला तरी अडत नाही: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६, शटर आयएसओच्या आकड्याजवळ, ४००च्या फिल्मला १/५००.

कृष्णधवल रोल घरीच धुता येतो, तोही चक्क इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा (खायचा नव्हे!) आणि व्हिटॅमिन सी यांच्या मिश्रणात. ‘कॅफेनॉल’ हा प्रकार १९९५मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये निघाला. वास उग्र, निकाल चोख. फिक्सर मात्र विकतच आणावा लागतो. रंगीत रोलच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका.