रापणकाराचा तळहात

गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना खाऱ्या दोराने रापणकाराचा तळहात सोलवटतो, तेव्हा काही मिनिटांतच रक्त गोठून जखमेचे मुख तूर्त बंद होते, पांढऱ्या पेशी जंतूंचा बंदोबस्त करतात आणि मग कडांवरील त्वचापेशी, परस्परांचा हात न सोडता, आत सरकू लागतात. ही वाटचाल ओलसर पृष्ठभागावर जवळपास दुप्पट वेगाने होते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून सिद्ध केले, आणि जखम उघडी टाकून सुकवण्याचा आपला हट्ट पाहता ते मुद्दाम नमूद केले पाहिजे. तळहातावर वारंवार घर्षण झाल्यास तेथे घट्टा पडतो. खोल जखमेचा व्रण मात्र मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्के बळकटीपलीकडे सहसा जात नाही, आणि त्यावर घामही येत नाही.