लहान खोलीतील व्यक्तिछायाचित्रण : अंतर, प्रकाश आणि संवाद

प्रास्ताविक

‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण एका वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून जाणता. चित्रकार रंगांनी काढलेल्या चेहऱ्यास आणि छायाचित्रकार कॅमेऱ्याने टिपलेल्या चेहऱ्यासही हाच शब्द वापरतात. तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्याची किंवा वाचणाऱ्याची अपेक्षा एकच असते : हे माणूस मला ओळखू यावे.

आपल्या परिचयाच्या घरांतील भिंतींवर चौकटीत लावलेली वडीलधाऱ्यांची छायाचित्रे आठवून पाहा. त्यांपैकी अनेक एखाद्या ओळखपत्रावरून किंवा लग्नातील समूहचित्रातून कापून, मोठी करून घेतलेली असतात. माणूस हयात असताना त्याचे एक नीटस छायाचित्र काढायचे राहून जाते. कारण विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, “घरात जागा कुठे आहे?” आपल्यापैकी जे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून छायाचित्रणाचा व्यवसाय करतात, त्यांचीही अडचण हीच असते. भाड्याचा गाळा किंवा राहती खोली हाच त्यांचा स्टुडिओ असतो. जागेची ही अडचण कितपत खरी आहे आणि तिच्यावर मात कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी १० फूट रुंद व १२ फूट लांब, लांबीच्या एका भिंतीत खिडकी असलेली खोली आपण गृहीत धरू.

उद्दिष्टे

हा लेख अभ्यासल्यानंतर आपणांस –
• कॅमेरा आणि चेहरा यांतील अंतराचा चेहऱ्याच्या ठेवणीवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• लहान खोलीत बैठक, कॅमेरा आणि प्रकाश यांच्या जागा ठरविता येतील.
• छायाचित्र काढताना समोरच्या व्यक्तीस सुस्पष्ट आणि आदरपूर्वक सूचना देता येतील.

१. अपुरे नेमके काय असते?

खोली लहान असली की छायाचित्रकार नकळत चेहऱ्याच्या जवळ जातो. सर्व दोषांचा उगम येथे आहे. नाकाचे टोक आणि कान हे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात. हिशेबाच्या सोयीसाठी त्यांच्या अंतरांत ५ इंचांचा फरक धरू. कॅमेरा नाकापासून २० इंचांवर असेल, तर कान २५ इंचांवर येतात. जवळची वस्तू मोठी दिसते, या न्यायाने नाक कानांच्या तुलनेत सव्वापट मोठे उमटते. गाल मागे ओढल्यासारखे आणि कान लपल्यासारखे दिसतात. हाताच्या अंतरावरून स्वतःच स्वतःचा फोटो काढला की आपला चेहरा आपल्यालाच परका वाटतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता कॅमेरा ६ फुटांवर, म्हणजे ७२ इंचांवर न्या. कान ७७ इंचांवर येतील आणि फरक सुमारे ७ टक्क्यांवर उतरेल. समोरासमोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण एवढ्याच अंतरावरून पाहतो. म्हणून या अंतरावरून काढलेला चेहरा घरच्यांना ‘बरोबर’ वाटतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चेहऱ्याची ठेवण लेन्समुळे बिघडते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ती अंतरामुळे बदलते. लेन्स केवळ चौकटीत किती भाग मावेल हे ठरविते. ६ फुटांवरून रुंद दृष्टीच्या लेन्सने चित्र काढून त्याचा मधला भाग कापून घेतला, तरी नाक-कानांचे प्रमाण तेच राहते. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद दृष्टीचा असतो. त्याने छायाचित्र काढताना पुढे सरकण्याचा मोह टाळावा, ६ फूट मागे उभे राहावे आणि नंतर चित्र कापून घ्यावे. मोबाइलमध्ये दुप्पट जवळ दाखविणारी स्वतंत्र लेन्स असल्यास ती वापरावी.

२. बारा फुटांची वाटणी

आपल्या खोलीच्या १२ फुटांची वाटणी अशी करता येते : मागील भिंत ते व्यक्ती ४ फूट, व्यक्ती ते कॅमेरा ६ फूट आणि छायाचित्रकाराला उभे राहण्यासाठी २ फूट. बेरीज बारा. पुष्कळ जण व्यक्तीला भिंतीला टेकवून बसवितात. त्यामुळे डोक्यामागे सावली पडते आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा स्पष्ट दिसतो. व्यक्ती चार फूट पुढे आली की हे दोन्ही दोष पुष्कळसे ओसरतात.

लेन्सची निवड साध्या त्रैराशिकाने करता येते. चौकटीत मावणारी उंची = सेन्सरची लांब बाजू × अंतर ÷ लेन्सचे नाभीय अंतर. ३६ × २४ मि.मी. सेन्सरचा कॅमेरा उभा धरून ५० मि.मी.ची लेन्स लावल्यास ६ फुटांवरून सुमारे ४ फूट ४ इंच उंचीचा भाग मावतो. खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या, मांडीवर ठेवलेल्या हातांसह घेतलेल्या चित्रास तो पुरेसा आहे. ८५ मि.मी.च्या लेन्सने सुमारे अडीच फूट, म्हणजे डोके, खांदे आणि छाती येते. सुमारे २४ मि.मी. लांब बाजूचा लहान सेन्सर असेल, तर ५० मि.मी.ची लेन्सच जवळजवळ ८५ मि.मी.चे काम करते. वेगळी महागडी लेन्स घेण्याची गरज उरत नाही.

उभ्या व्यक्तीचे पूर्ण चित्र हवे असल्यास खोलीचा कर्ण उपयोगी पडतो. १० × १२ फूट खोलीचा कर्ण सुमारे साडेपंधरा फूट भरतो. चौकटीत साडेसहा फूट उंची मावावी यासाठी मोठ्या सेन्सरवर ५० मि.मी. लेन्सला सुमारे ९ फूट अंतर लागते. ते कर्णावर सहज मिळते आणि मागेपुढे जागाही उरते. दार सोयीच्या ठिकाणी असेल, तर छायाचित्रकाराने उंबऱ्याबाहेर उभे राहून आणखी दोन फूट मिळवावेत.

कॅमेरा सामान्यतः व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. व्यक्ती बसलेली आणि छायाचित्रकार उभा असेल, तर कपाळ मोठे व हनुवटी लहान दिसते. अशा वेळी छायाचित्रकाराने स्वतःच स्टुलावर बसणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

३. प्रकाश आणि छाया

‘फोटोग्राफी’ हा शब्द प्रकाश आणि लेखन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून घडला आहे. मराठीने मात्र ‘छायाचित्र’ हा शब्द रूढ केला. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावली, प्रतिबिंब आणि कांतीही. लहान खोलीत काम करणाऱ्यास हा शब्द विशेष अर्थपूर्ण वाटेल. कारण अशा खोलीत प्रकाश मिळविणे फारसे कठीण नसते, छाया टिकविणे कठीण असते. जवळच्या भिंती आणि छत प्रकाश चहूकडून परतवतात. त्यामुळे चेहऱ्यावरचे उंचसखलपण पुसले जाते आणि चेहरा सपाट दिसतो.

म्हणून प्रकाशाची मुख्य दिशा एकच ठेवावी. व्यक्तीला खिडकीपासून सुमारे ३ फुटांवर बसवावे आणि चेहरा किंचित खिडकीकडे वळवावा. प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जेवढा मोठा, तेवढी सावलीची कडा मऊ होते. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरे कापड सोडावे. मग खिडकी हाच मोठा, मऊ दिवा होतो. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी वाटली, तर त्या बाजूस पांढरा पुठ्ठा किंवा घडी उलगडलेली पांढरी चादर धरावी. उलट, भिंतींच्या परावर्तनाने चेहरा सपाट होत असेल, तर त्याच जागी काळे कापड टांगावे. ते प्रकाश शोषून घेते आणि गालाची कड पुन्हा दिसू लागते.

भिंतींच्या रंगाकडेही लक्ष हवे. हिरव्या किंवा गुलाबी भिंतीवरून परतलेला प्रकाश त्याच रंगाची झाक चेहऱ्यावर टाकतो. पांढरी चादर येथेही उपयोगी पडते. खिडकीच्या प्रकाशात काम करताना खोलीतील ट्यूब आणि बल्ब बंद ठेवावेत. दोन वेगळ्या रंगछटांचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर पडले, तर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळसर उमटतो. तो दोष नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे असते.

रात्री किंवा खिडकी नसलेल्या गाळ्यात दिव्याचाच आधार घ्यावा लागतो. येथे भौतिकशास्त्रातील व्यस्त वर्गाचा नियम कामी येतो : लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, तिप्पट झाले की एक नवमांश. दिवा चेहऱ्याच्या पुढे २ फुटांवर ठेवला आणि भिंत चेहऱ्याच्या मागे ४ फुटांवर असली, तर दिव्यापासून भिंत ६ फुटांवर येते. चेहऱ्यावरील प्रकाशाच्या नवव्या हिश्श्याएवढाच थेट प्रकाश तिच्यावर पडतो. म्हणजे पांढरी भिंतही करडी दिसते आणि भिंतीवरील कॅलेंडर, खुंटी, वायर अंधुक होतात. दिवा दूर नेला की हा फरक कमी होतो. दिवा जवळ ठेवणे भागच पडते अशा खोलीत ही सक्तीच फायद्याची ठरते.

४. अडचणीतून घडलेली कामे

छायाचित्रणाच्या इतिहासात लहान जागेने मोठे काम अडविल्याचे दिसत नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, कॅमेरा भेट मिळाला. इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावरील आपल्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची डार्करूम. तेथे काढलेली व्यक्तिचित्रे आज जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. मालीतील बामाको शहरात १९४८ साली स्टुडिओ उघडणाऱ्या सेदू केइता यांनी आरंभी स्वतःच्या अंथरुणावरील चादरच पडदा म्हणून वापरली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग पेन यांनी तर दोन फळ्या जोडून मुद्दाम एक अरुंद कोपरा तयार केला आणि नामवंतांना त्यात उभे केले. कोणी भिंतींना रेलले, कोणी अंग चोरून उभे राहिले. अडचणीच्या जागेत माणूस कसा वागतो, हाच त्या चित्रांचा विषय झाला.

या तिघांची साधने आणि काळ भिन्न आहेत. मात्र हाती असलेली जागा प्रत्येकाने नीट पारखून घेतली, हे साम्य ध्यानात घ्यावे. आपणही एखादी सुती चादर, नऊवारीचा फिकट पदर किंवा रिकामी भिंत यांकडे याच दृष्टीने पाहू शकता.

५. सूचनांची भाषा

आतापर्यंतचे विवेचन यंत्र आणि प्रकाश यांविषयी होते. परंतु मराठीत आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो, तसाच फोटोही ‘काढतो’. समोरच्या माणसाचा भाव त्याच्याकडून काढून घ्यावा लागतो आणि त्याचे साधन भाषा हे आहे.

पहिली अडचण ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या शब्दांची. ‘हा’ आणि ‘तो’ या दर्शक सर्वनामांप्रमाणेच, येथेही कोणाच्या स्थानावरून बोलले जात आहे त्यावर अर्थ ठरतो. समोरासमोर बसलेल्या दोघांची डावी बाजू परस्परविरुद्ध असते. “डावीकडे बघा” म्हटले की समोरची व्यक्ती गोंधळते, एकदा चुकते आणि मग अवघडून बसते. त्याऐवजी खोलीतील स्थिर खुणा वापराव्यात : “खिडकीकडे”, “दाराकडे”, “घड्याळाकडे”. लहान खोलीत अशा खुणा हाताशीच असतात.

दुसरी अडचण तुटक आज्ञांची. “हसा”, “हलू नका”, “मान वर” या सूचनांनी चेहरा आखडतो. “आजी, खिडकीतून कोण येतंय बघता का जरा?” किंवा “काका, या कॅमेऱ्याकडे असं पुढे वाकून ऐका” असे म्हटले, तर तीच हालचाल सहज घडते. हनुवटी किंचित पुढे आल्याने जबड्याची रेषा स्पष्ट होते, हा त्यातील तांत्रिक लाभ. नाते आणि वय पाहून योग्य संबोधन वापरणे हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय त्यामुळे अनोळखी माणसासमोर बसल्याची भीतीही कमी होते.

मोठ्या स्टुडिओत छायाचित्रकाराला आवाज चढवावा लागतो. ६ फुटांवर मात्र हळू आवाजात बोलता येते. चेहऱ्याच्या ठेवणीला मानवणारे अंतर आणि संभाषणाला मानवणारे अंतर एकच आहे, आणि १० × १२ फुटांची खोली ते पुरवू शकते.

सारांश

लहान खोलीत उत्तम व्यक्तिछायाचित्र काढण्यासाठी प्रथम ६ फुटांचे अंतर राखावे आणि त्याला अनुरूप लेन्स निवडावी. व्यक्तीला भिंतीपासून पुढे आणावे. प्रकाशाची दिशा एक ठेवून परावर्तन पांढऱ्या व काळ्या कापडांनी आवरावे. सूचना स्थिर खुणांच्या आधारे, योग्य संबोधनासह द्याव्यात. घरात जागा नाही, ही तक्रार बहुतांशी खोलीतील सामान हलवून दूर होणारी आहे. घरातील वृद्ध माणसाचे छायाचित्र पुढे ढकलण्यास ती पुरेसे कारण ठरत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील एका खोलीची लांबी, रुंदी व कर्ण मोजा. व्यक्ती, कॅमेरा आणि प्रकाश यांच्या जागा दर्शविणारी आकृती काढा.
२. एकाच व्यक्तीची २ फूट आणि ६ फूट अंतरांवरून छायाचित्रे काढा. दोन्हींत चेहरा सारख्या आकाराचा येईल असे कापून नाक, कान व गाल यांतील फरक आठ ओळींत लिहा.
३. “डावीकडे”, “उजवीकडे”, “इकडे” हे शब्द न वापरता, एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीस छायाचित्रासाठी बसविताना द्यावयाच्या पाच सूचना लिहा.
४. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे एक छायाचित्र या पद्धतीने काढा, ते त्या व्यक्तीस दाखवा आणि तिचा अभिप्राय तिच्याच शब्दांत नोंदवा.