पत्ता म्हणजे सभासदत्व नव्हे

‘युजरला लेखा विभागाच्या ओयूत टाकलंय, आता फोल्डर उघडेल.’ नाही उघडणार. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली आली, तरी हा गैरसमज काही जात नाही. ओयू, म्हणजे ऑर्गनायझेशनल युनिट, हा खात्याचा पत्ता. ग्रुप हे सभासदत्व. विदर्भात राहतो म्हणून कुणी आपोआप विदर्भ साहित्य संघाचा सभासद होत नाही. पत्ता एका वेळी एकच, सभासदत्वं कितीही. कारण तांत्रिक आहे. लॉगिन करताना युजरला टोकन मिळतं. त्यात त्याचा आणि त्याच्या ग्रुपांचा ‘एसआयडी’ हा ओळखक्रमांक असतो, आणि फोल्डर तोच आपल्या यादीशी ताडून पाहतं. ओयूला एसआयडीच नसतो. खात्री हवी असेल तर फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये ओयूचं नाव टाकून पाहा, सापडणार नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा: ‘ओयू बदलल्यावर युजरचा डेस्कटॉप कसा बदलला मग?’ ती ग्रुप पॉलिसीची करामत. नाव ‘ग्रुप’ पॉलिसी, पण ती जोडली जाते साइट, डोमेन किंवा ओयूला; ग्रुप फार तर तिला गाळणी लावतो. पासवर्ड बदलून देण्याचे अधिकार हेल्पडेस्कला ओयूनुसार देता येतात, हेही खरं. पण ते त्या खात्यांवरचे अधिकार, त्या खात्यांना मिळालेले नव्हेत. जुन्या जाणत्यांची चूक मात्र समजण्यासारखी आहे: नोव्हेलच्या डिरेक्टरीत ओयूलाच फोल्डरचे हक्क देता येत. इथे तसं नाही, आणि त्याचा फटका बदलीच्या वेळी बसतो. नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीत लेखामधला माणूस खरेदी विभागात गेला, ॲडमिनने खातं नव्या ओयूत ओढलं आणि काम संपलं असं मानलं, तर पगाराची फाइल त्याला पूर्वीसारखीच उघडत राहते. जुन्या ग्रुपातून नाव कुणी काढलेलंच नसतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ग्रुपात टाकल्याबरोबर हक्क लागू होत नाहीत. नव्या टोकनसाठी पुन्हा लॉगिन करावं लागतं. डिस्ट्रिब्यूशन ग्रुप ईमेलपुरता. त्याने फोल्डर उघडत नाही. खातं डिलीट करून त्याच नावाने नवं काढलं तरी जुने हक्क परतत नाहीत, कारण एसआयडी नवा असतो. आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीबाहेर, एलडॅप या प्रमाणित प्रोटोकॉलवरच्या इतर डिरेक्टऱ्यांत रिकामा ग्रुप नेहमीच करता येतो असं नाही: आरएफसी ४५१९ नुसार ‘ग्रुपऑफनेम्स’ला किमान एक सभासद लागतोच.